गुप्तरोगांची तपासणी : स्वस्त म्हणजे नेमके काय?

मधुमेह निघाला तर माणूस चारचौघांत सांगतो, "मला शुगर आहे." रक्तदाब असेल तर त्याच्या गोळ्या घरच्यांसमोर घेतो. मात्र गरमी किंवा परमा झाला तर तो घरातही बोलत नाही, आणि बाईला झाला तर तिला तो शब्ददेखील उच्चारता येत नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, एवढेच ती सांगते. तेही सासूला किंवा शेजारणीला. गुप्तरोग या नावातील गुप्तता रोगाची नसून आपली आहे. जंतूला लाज नसते. लैंगिक संबंधातून पसरणारे हे जंतू क्षयाच्या किंवा कावीळीच्या जंतूंसारखेच जंतू आहेत. त्यांची तपासणी व्हावी, तीही गोरगरिबाला परवडेल अशी व्हावी, आणि त्यासाठी जगात व आपल्या राज्यात काय काय करून पाहिले गेले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली १५ ते ४९ वयाच्या स्त्री-पुरुषांत बऱ्या होऊ शकणाऱ्या चार लैंगिक संसर्गांची ३७ कोटी ४० लाख नवी प्रकरणे झाली. म्हणजे दररोज दहा लाखांहून अधिक. हे चार आजार म्हणजे उपदंश (गरमी), परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनियासिस. चारही औषधाने बरे होतात. तरीही ते टिकून आहेत, कारण बहुसंख्य स्त्रियांना आणि पुष्कळ पुरुषांना संसर्ग झाल्याचे जाणवतच नाही. दुखत नाही, खाजत नाही, जखम दिसत नाही. दिसली तरी ती आपोआप भरते. जंतू मात्र आत राहतो. पुढे कोणाला मूल होत नाही आणि "वांझ" म्हणून दोष बाईच्या माथी येतो. कोणाचे मूल पोटातच दगावते. लक्षणे नसलेल्या माणसाचा रोग शोधण्यासाठी तपासणीखेरीज दुसरा उपाय नाही.

आपल्या महाराष्ट्रातील एक अभ्यास येथे सांगितलाच पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजाराचा एक तरी प्रकार होता. यातील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गाचा होता. यापूर्वी कधी तरी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. विशेष म्हणजे शेकडा ४५ स्त्रियांची कसलीही तक्रार नव्हती. ज्या बायका "मला काही नाही" म्हणत होत्या, त्यांतही आजार होता. तोपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन असेच सरकारी कागदांत समजले जाई. या दोन गावांनी तो समज मोडला.

बोलण्याच्या लाजेविषयी आणखी एक आठवण येथे अस्थानी होणार नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात सरळ, शास्त्रीय भाषेत उत्तरे दिली जात. त्या उत्तरांबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि १९३४ साली न्यायालयात त्यांची बाजू मांडण्यास उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. शरीराविषयी प्रश्न विचारणे हा गुन्हा नव्हे, हा युक्तिवाद मात्र तेव्हाच भर न्यायालयात झाला होता. आता मूळ विषयाकडे वळू.

तपासणीची खरी किंमत

"चाचणी किती रुपयांची?" असा प्रश्न आपण प्रथम विचारतो. तो अपुरा आहे. समजा, एका गावातील शेतमजूर बाई गरोदर आहे. तिला रक्त तपासण्यास तालुक्याला जावयाचे आहे. तपासणी सरकारी असल्याने फुकट आहे. परंतु एसटीचे भाडे तिला पडते, त्या दिवसाची मजुरी बुडते, लहान मूल असेल तर त्याला सोबत न्यावे लागते किंवा कोणाकडे तरी ठेवावे लागते. रक्त देऊन झाल्यावर "आठवड्याने या" असे सांगितले जाते. आठवड्याने पुन्हा भाडे, पुन्हा मजुरीचा खाडा. मग अहवाल सापडला तर डॉक्टर, आणि डॉक्टर असले तर इंजेक्शन. फुकट तपासणीसाठी तिचे तीन दिवस जातात. अशा वेळी ती दुसऱ्या खेपेला आली नाही तर "लोक अडाणी आहेत" असे म्हणणे सोपे असते. तिने हिशेब केलेला असतो, आणि तो तिच्या दृष्टीने बरोबर असतो.

विद्यार्थी मित्रांनी पुढील गणित वहीत मांडून पाहावे. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. उपदंश असलेल्या १०० गरोदर स्त्रिया आहेत. जिल्ह्याच्या प्रयोगशाळेतील चाचणी त्यांपैकी ९५ जणींचा रोग ओळखते, पण अहवाल आठवड्याने मिळतो आणि निम्म्याच स्त्रिया परत येतात. उपचार झाले सुमारे ४७ जणींवर. दुसरी चाचणी थोडी कमी अचूक आहे. ती ८५ जणींचाच रोग ओळखते, पण उत्तर वीस मिनिटांत देते आणि इंजेक्शन तेथेच मिळते. पाच जणी न थांबता निघून गेल्या असे धरले तरी ८० जणींवर उपचार झाले. प्रयोगशाळेच्या दृष्टीने पहिली चाचणी श्रेष्ठ, जन्मणाऱ्या बाळांच्या दृष्टीने दुसरी. स्वस्त चाचणीची व्याख्या यातून निघते : बऱ्या झालेल्या एका माणसामागे एकंदर किती खर्च आला, सरकारचा आणि त्या माणसाचा मिळून. किटची किंमत हा त्यातील एक भाग, आणि बहुधा लहान भाग.

उपदंशाचे उदाहरण

उपदंशाचा जंतू १९०५ साली सापडला आणि दुसऱ्याच वर्षी वासरमान यांची रक्तचाचणी निघाली. १९४६ साली व्हीडीआरएल आली. आपल्याकडे गरोदरपणाच्या कार्डावर हे नाव अनेकांनी पाहिले असेल. या चाचणीत रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, वेगळे करून ५६ अंश तापमानाला अर्धा तास ठेवावे लागते, द्रावण ताजे तयार करावे लागते, हलविण्याचे यंत्र लागते आणि शेवटी सूक्ष्मदर्शकातून पाहावे लागते. पुढे आलेल्या आरपीआर चाचणीत सूक्ष्मदर्शकाची गरज उरली नाही, कार्डावरचे कण नुसत्या डोळ्यांनी दिसू लागले. तरी सेंट्रीफ्यूज, फ्रिज आणि वीज ही लागतेच. उपकेंद्रात दुपारी वीज नसेल तर शास्त्र कितीही चांगले असो, तपासणी होत नाही.

नंतर पट्टीची चाचणी आली. बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब पट्टीवर ठेवावयाचा, वर द्रावणाचे थेंब टाकावयाचे आणि पंधरा-वीस मिनिटांनी रेघ उमटते का ते पाहावयाचे. फ्रिज लागत नाही, यंत्र लागत नाही. एएनएम ताई काही तासांच्या शिकवणीनंतर ती करू शकते. अशा चाचण्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने काही कसोट्या ठरविल्या : चाचणी परवडणारी असावी, रोग चुकवू नये, निरोगी माणसाला रोगी ठरवू नये, वापरण्यास सोपी, झटपट व उन्हातान्हात टिकणारी असावी, यंत्रांवर अवलंबून नसावी आणि गरज असलेल्या माणसापर्यंत पोहोचावी. या यादीतील शेवटची अट सर्वांत कठीण आहे असे माझे मत आहे.

त्यानंतरची पायरी म्हणजे जोडचाचणी. एकाच थेंबावर एचआयव्ही आणि उपदंश, दोन्हींची तपासणी. गरोदर स्त्रियांसाठी ती वापरावी अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली केली. यामागे एक कटू इतिहास आहे. एचआयव्हीसाठी जगभरातून पैसा आला, त्यामुळे अनेक गरीब देशांत गरोदर बाईची एचआयव्ही तपासणी होऊ लागली. त्याच बाईची, त्याच सुईने काढलेल्या रक्तावर उपदंशाची तपासणी मात्र होत नव्हती. मूल एचआयव्हीपासून वाचे आणि उपदंशाने मरे. जोडचाचणीने ही फारकत मिटविता येते. २०२१ साली झालेल्या एका करारामुळे अशा जोडचाचणीचा एक प्रकार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील सरकारी खरेदीसाठी एक डॉलरच्या आत मिळू लागला. मोठी मागणी आधीच एकत्र बांधून दिली की कारखानदार किंमत उतरवितो, हे बाजाराचे साधे तत्त्व येथे रोग्याच्या उपयोगी पडले.

हे सर्व कशासाठी? टांझानियातील म्वांझा येथे झालेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहावा. ज्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात सक्रिय उपदंशाचे प्रमाण जास्त होते आणि ज्यांच्यावर उपचार झाले नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे चौथा हिस्सा स्त्रियांची मुले मृत जन्मली. त्याच भागात वेळीच पेनिसिलिनचे एक इंजेक्शन मिळालेल्या स्त्रियांची बाळंतपणे उपदंश नसलेल्या स्त्रियांसारखीच पार पडली. एका इंजेक्शनने इतका फरक पडणारे आजार वैद्यकशास्त्रात फार थोडे आहेत.

हे इंजेक्शन म्हणजे बेंझाथीन पेनिसिलिन, २४ लाख युनिट. पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे १९४३ साली सिद्ध झाले आणि आजही या जंतूत पेनिसिलिनला दाद न देण्याची शक्ती आलेली नाही. परम्याच्या जंतूने मात्र एकामागून एक औषधे निकामी केली आहेत. आपल्या पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली सरकारी हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली ती पेनिसिलिन देशात तयार व्हावे म्हणूनच. औषध जुने आहे, पेटंटमुक्त आहे, स्वस्त आहे. आणि अडचण येथेच आहे. फायदा कमी म्हणून ते करणारे कारखाने जगात मोजके उरले, आणि २०१६ च्या सुमारास अनेक देशांत त्याचा तुटवडा पडला. दुसरी अडचण डॉक्टरांच्या मनातील. पेनिसिलिनची तीव्र ॲलर्जी क्वचित होते, पण होते. म्हणून पुष्कळ ठिकाणी इंजेक्शन देण्याचेच टाळले जाते व बाईला पुढच्या रुग्णालयात पाठविले जाते. टेबलावर ॲड्रिनलिन तयार ठेवणे आणि इंजेक्शननंतर अर्धा तास बसवून ठेवणे, ही काळजी प्राथमिक आरोग्य केंद्रातही घेता येते. चाचणी गावात आणि औषध जिल्ह्याला, अशी व्यवस्था असेल तर वर केलेले सगळे गणित पुन्हा पहिल्या पानावर येते.

चुकीच्या रेघेचा प्रश्न

पट्टीच्या चाचणीचे गुण सांगितले, आता तिचे दोषही सांगणे प्राप्त आहे. एकदा उपदंश होऊन पूर्ण बरा झाला तरी पट्टीवर रेघ बहुधा जन्मभर उमटत राहते. व्हीडीआरएल किंवा आरपीआरमध्ये उपचारानंतर प्रमाण उतरत जाते, पण त्या चाचण्या कधी मलेरिया, कुष्ठरोग अशा इतर कारणांनीही खोट्या रोगी येतात. दोन्हींच्या चुका वेगळ्या आहेत. म्हणून एकीची चूक दुसरी पकडू शकते.

पुन्हा थोडे गणित. १,००० गरोदर स्त्रिया तपासल्या. त्यांत खरोखर उपदंश असलेल्या ५ आहेत आणि चाचणीने त्या पाचही ओळखल्या. चाचणी निरोगी व्यक्तींच्या बाबतीत शेकडा ९८ वेळा बरोबर आहे, म्हणजे शेकडा दोनदा चुकते. निरोगी ९९५ जणींत सुमारे २० जणींना चुकीची रेघ येईल. एकूण २५ जणींच्या पट्टीवर रेघ, त्यांपैकी २० निरोगी! चाचणी वाईट नाही. रोग विरळ असला की चांगल्या चाचणीचेही असे होते. हे गणित ज्याला कळले नाही त्याने कोणत्याही रोगाचे तपासणी शिबिर भरवू नये.

कारण या वीस जणींच्या घरी काय होईल? रक्तात "ती" बिमारी निघाली म्हणून एखादीला नवरा माहेरी पाठवील. ज्याने संसर्ग आणला तो नवराच असतो, असे कित्येकदा असूनही मार बाईला बसतो. चाचणी महाग पडली ती अशी, आणि ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात लिहिलेली नसते. उपाय सोपा आहे. पहिल्या रेघेला "उपदंश झाला" असे कधीही म्हणू नये. "पहिल्या तपासणीत काही दिसले आहे, पक्के करण्यास दुसरी तपासणी करू" असे म्हणावे. गरोदर स्त्रीला मात्र पहिले इंजेक्शन त्याच दिवशी द्यावे, कारण बाळाला थांबण्यास वेळ नाही आणि अनावश्यक एका इंजेक्शनचा धोका रोगाच्या मानाने फार लहान आहे. त्या २५ जणींचेच रक्त आरपीआरसाठी प्रयोगशाळेत पाठवावे. हजारांऐवजी २५ नमुने पाठविणे कोणत्याही जिल्ह्याला झेपते. नवऱ्यालाही बोलवावे, तपासावे, औषध द्यावे. नाहीतर बरी झालेली बाई महिन्याभरात पुन्हा आजारी होते.

एकत्र रक्ताची युक्ती

स्वस्त तपासणीची एक सुंदर कल्पना गणितज्ञाच्या डोक्यातून निघाली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सैन्यभरतीसाठी आलेल्या प्रत्येक तरुणाचे रक्त उपदंशासाठी तपासले जाई. लाखो चाचण्या, आणि बहुतेकांचा निकाल निरोगी. १९४३ साली रॉबर्ट डॉर्फमन यांनी सुचविले की प्रत्येकाचे रक्त वेगळे कशाला तपासावे? दहा जणांच्या रक्ताचे थोडे थोडे थेंब एकत्र करून एकच चाचणी करा. निरोगी निघाले तर दहाही जण सुटले. रोग दिसला तर त्या दहांची पुन्हा एकेकाची तपासणी करा.

हजार माणसांत शेकडा एक रोगी असेल तर दहाचे १०० गट होतात. त्यांपैकी साधारण १० गटांत रोग दिसेल. त्या १० गटांतील सुमारे १०० जणांची पुन्हा तपासणी. एकूण चाचण्या सुमारे २००. हजारांच्या ठिकाणी दोनशे! पण रोगी शेकडा दहा असतील तर १०० पैकी ६५ गटांत रोग दिसतो, चाचण्या ७५० होतात आणि बचत फक्त चौथ्या हिश्श्याची. त्या वेळी चार-चारचे गट केले तर चाचण्या सहाशेच्या आत येतात. रोग शेकडा तीसच्या आसपास पोहोचला की गट कसेही पाडा, जवळजवळ काहीच वाचत नाही. कोणत्या वस्तीत कोणता मार्ग घ्यावा हे आधी रोगाचे प्रमाण पाहून ठरवावे लागते.

रक्त एकत्र केल्याने ते पातळ होते आणि जुन्या पद्धतीच्या चाचणीला कमी प्रमाणातला रोग दिसेनासा होतो, हा या युक्तीचा कच्चा दुवा होता. आताच्या रेणवीय चाचण्या जंतूच्या जनुकीय पदार्थाच्या लाखो प्रती काढून पाहतात, त्यामुळे क्लॅमिडिया व परम्यासाठी अनेकांच्या लघवीचे नमुने एकत्र करून तपासणे शक्य झाले आहे. हीच कल्पना करोनाच्या साथीत आपल्या देशात वापरली गेली. एप्रिल २०२० मध्ये भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने, जेथे रोगाचे प्रमाण शेकडा दोनहून कमी आहे तेथे जास्तीत जास्त पाच नमुने एकत्र तपासण्यास मुभा दिली होती.

रेणवीय चाचण्यांची अडचण अर्थातच पैसा. क्षयरोगासाठी आपल्या जिल्हा रुग्णालयांत जी जीनएक्स्पर्ट यंत्रे आली, त्यांच्यावर परमा व क्लॅमिडियाही तपासता येतो. यंत्र तेच, कार्ट्रिज वेगळी. बरीच वर्षे दबाव आल्यानंतर २०२३ साली क्षयाच्या कार्ट्रिजची किंमत ९.९८ डॉलरवरून ७.९७ डॉलरवर उतरली. लैंगिक आजारांच्या कार्ट्रिजला ती सवलत मिळाली नाही. क्षयासाठी आवाज उठविणारे लोक होते. परम्यासाठी मोर्चा कोण काढणार? गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट यंत्र विजेरीवर चालते आणि लहान केंद्रातही ठेवता येते. एका रोगासाठी घेतलेले यंत्र दिवसाचा अर्धा वेळ रिकामे राहते असे कोठे दिसले तर त्यावर दुसऱ्या रोगाची तपासणी सुरू करण्याची मागणी लोकांनी करावी. नव्या यंत्राच्या मागणीपेक्षा ती लवकर मान्य होण्यासारखी आहे.

चाचणीच नसेल तर काय? त्यासाठी लक्षणांवरून औषध देण्याची पद्धत आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाने लक्षणांच्या गटाप्रमाणे औषधांची सात रंगांची पाकिटे केली. पुरुषाच्या लिंगातून होणारा स्राव किंवा जखम यांत ही पद्धत बरी चालते. बायकांच्या पांढऱ्या जाण्यात ती फसते, कारण त्याची कारणे अनेक आणि पुष्कळदा ती लैंगिक संसर्गाची नसतातच. लक्षण नसलेल्यांना तर ती गाठतच नाही.

धाराशिवच्या बायका

गर्भाशयमुखाचा कर्करोगही मुळात लैंगिक संबंधातून येणाऱ्या विषाणूमुळे होतो हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या विषाणूचे नाव एचपीव्ही. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत दहा-वीस वर्षे जातात, म्हणजे गाठण्यास वेळ भरपूर असतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत ही तपासणी कधी तरी झालेल्या शेकडा दोनसुद्धा भरल्या नाहीत.

या बाबतीत जगाला धडा मिळाला तो तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यातून. १९९९ पासून बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाच्या व मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या सहभागाने ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह करून चार गट पाडले. एका गटात एचपीव्हीची चाचणी, दुसऱ्यात पेशींची तपासणी म्हणजे पॅप, तिसऱ्यात ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणे, आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था. आठ वर्षांनंतर २००९ साली निष्कर्ष आले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ या कर्करोगाने दगावल्या. चौथ्या गटातील ३१,४८८ पैकी ६४. आयुष्यात एकदा केलेल्या एका चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. इतर दोन पद्धतींत तसा स्पष्ट फरक दिसला नाही.

मात्र मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्याच ॲसेटिक आम्लाच्या तपासणीने मृत्यू शेकडा ३१ ने घटले. तेथे दहावीच्या आसपास शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन दर दोन वर्षांनी तपासणीच्या चार फेऱ्या केल्या गेल्या होत्या. द्रावणाचा खर्च काही पैशांचा. खरा खर्च शिकविण्याचा, पुन्हा पुन्हा जाण्याचा आणि कामावर देखरेख ठेवण्याचा. साधी पद्धत चालविण्यास चांगली माणसे लागतात, महाग पद्धत माणसांच्या उणिवा थोड्या झाकते. दोन्ही अभ्यासांची सांगड मी अशी घालतो.

या अभ्यासांवर झालेली टीकाही वाचकांना कळली पाहिजे. तपासणीने जीव वाचतात हे अन्य देशांत माहीत असताना हजारो गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवून त्यांचे मृत्यू मोजणे योग्य होते काय, असा प्रश्न वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी विचारला. संशोधकांचे उत्तर असे की त्या स्त्रियांना एरवीही तपासणी मिळत नव्हती आणि त्यांना माहिती दिली होती. मला हे उत्तर पुरेसे वाटत नाही. परंतु त्या ६४ मृत्यूंतून जे ज्ञान मिळाले त्यावर जगाने धोरण आखले, २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिले स्थान दिले, आणि ज्या जिल्ह्याने ते ज्ञान दिले तेथील आजच्या बायकांना ती चाचणी सहज मिळाली पाहिजे, एवढा तरी त्यांचा हक्क आहे. या चाचणीचा नमुना बाई स्वतः, पडद्याआड, मऊ ब्रशने घेऊ शकते. तपासणीच्या टेबलावर झोपण्याची लाज हे न येण्याचे मोठे कारण आहे. ते त्यामुळे दूर होते, आणि डॉक्टरचा वेळही वाचतो.

मंडळांनी काय करावे

आरोग्य शिबिर भरविणाऱ्या मंडळांसाठी थोडे व्यवहाराचे. लाऊडस्पीकर लावून "गुप्तरोग तपासणी शिबिर" भरवू नये. कोणी येणार नाही, आणि जो येईल त्याच्याकडे सारी गल्ली पाहील. गरोदर मातांची तपासणी, स्त्रियांची सर्वसाधारण तपासणी अशा नावाखाली तीच कामे होतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची तपासणी असते. वस्तीतील बायकांना तेथे घेऊन जाण्यास एक रिक्षा ठरविणे हे कित्येक किट विकत घेण्यापेक्षा उपयोगी ठरेल. नवऱ्यांनाही त्याच दिवशी न्यावे.

एचआयव्हीची तपासणी संमतीशिवाय करणे आणि निकाल इतरांना सांगणे हे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे. जोडचाचणीत एचआयव्ही असल्याने तिलाही तो कायदा लागू होतो. नोंदवहीत नावाऐवजी क्रमांक लिहावा, निकाल एकट्या व्यक्तीला आडोशाला सांगावा, मंडळाच्या पदाधिकाऱ्यालाही तो कळू देऊ नये. खासगी प्रयोगशाळा "पॅकेज" देऊ लागली तर त्यात कोणत्या चाचण्या आहेत, रेघ आल्यास पक्की तपासणी कोण करणार आणि औषध कोठे मिळणार, हे आधी लेखी घ्यावे. औषधाची सोय नसेल तर तपासणी घेऊ नये.

जिल्हा रुग्णालये व वैद्यकीय महाविद्यालयांतील सुरक्षा क्लिनिकमध्ये समुपदेशन, तपासणी आणि औषध विनामूल्य मिळते, आणि नाव न सांगता माहिती हवी असल्यास १०९७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक आहे. तेथे जाणाऱ्याने जोडीदारालाही सोबत न्यावे. उपदंशाचे इंजेक्शन घेतल्यावर डॉक्टरांनी दिलेल्या तारखांना आरपीआरची तपासणी पुन्हा करून प्रमाण उतरले का ते पाहावे लागते. ते कार्ड फेकू नये. पुढच्या वेळी पट्टीवर रेघ आली तर ती जुनी की नवी हे त्या कार्डावरूनच कळते.